शिवेबाहेर जाळलेला वैरी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तुमसर तालुक्यातल्या गावांमध्ये दारादारांतून पळसाच्या फांद्या उचलल्या जातात. आदल्या दिवशी दारात ठेवलेले हे मेढे हातात घेऊन पोरं गावाच्या शिवेकडे निघतात आणि वाटभर एकच आरोळी चालू असते : घेऊन जा गे मारबत! काय घेऊन जायचं, त्याची यादी मोठी असते. इडापिडा, ताप, खोकला, ढेकूण, डास, पिकावरची कीड. गावाने वर्षभर जे सोसलं ते सगळं एका बाईच्या पदरात बांधायचं आणि तिला शिवेबाहेर काढायचं. भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात काही ठिकाणी तिला नारबोद म्हणतात. ती कोण, असं विचारलं की घरातली म्हातारी माणसं सांगतात, ती पूतना.

पण पूतना तर गोकुळात एकदाच मेली. भागवताच्या दहाव्या स्कंधात तान्ह्या कृष्णाने तिचे प्राण शोषून घेतले, व्रजातल्या लोकांनी तिच्या अजस्र देहाचे तुकडे केले आणि दूर नेऊन जाळले. कथेपुरती ती संपली. तरी भाद्रपदाच्या पहिल्या दिवशी गाव तिला पुन्हा बाहेर काढतं, कारण वर्षभरात आलेल्या नव्या दुखण्यामागे तीच आहे असं धरलेलं असतं. शिवाय ती एकटी नाही. तिला पाठवलं कंसाने. तृणावर्त, अघासुर, केशी हेही त्याच्याच बाजूचे. अघासुर तर पूतनेचा भाऊ, बहिणीचा सूड घ्यायला आलेला. आणि कंस कोण? भागवतातला नारद त्याला सांगतो, तू पूर्वजन्मी विष्णूच्या हातून मेलेला कालनेमी आहेस. म्हणजे गोकुळावर रोज नव्या रूपात कोसळणाऱ्या संकटांच्या मुळाशी एक जुना, हरलेला, सगळ्यांनी विसरलेला वैरी बसलेला होता.

ही रचना ज्याने ऐकलेली आहे, त्याला जपानी मांगा आणि ॲनिमे वाचताना-बघताना ओळखीचं काहीतरी सापडतं. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, ॲनिमे म्हणजे त्यांचा चलच्चित्रातला अवतार. दोन्हींत एक प्रसंग वारंवार येतो. नवं संकट येतं, नवे शत्रू येतात, नायक जिवाच्या आकांताने लढतो आणि मग पडदा बाजूला होतो. त्या सगळ्यांना हलवणारा हात जुनाच निघतो. शंभर प्रकरणांपूर्वी ज्याचा निकाल लागला होता, तो.

पुढच्या पानांचा विषय हाच आहे : परत येणारा खलनायक, आणि तोही उघड नव्हे, तर नव्या धोक्याच्या आडून येणारा. हा विषय समजावताना अनेक कथांची रहस्यं उघड करावी लागतात. ज्यांना ती स्वतः वाचून उलगडायची आहेत, त्यांनी आधी मूळ कथा वाचाव्यात आणि मग इकडे यावं.

चिखला हे याच भागातलं, भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाचं, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळचं खाणीचं गाव. मॉयल या कंपनीची इथली मँगनीजची खाण भूमिगत आहे. जवळच डोंगरी बुजुर्गची उघडी खाण आहे आणि तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारी रेल्वे गोबरवाहीवरून या पट्ट्यातून जाते. अशा ठिकाणापासून जपानी चित्रकथांवर बोलायला सुरुवात करणं दूरान्वयाचं वाटेल, पण तसं ते नाही. टीव्हीच्या रिमोटमध्ये जे साधे सेल असतात, त्यांत मँगनीज डायऑक्साइड असतो आणि डोंगरी बुजुर्गचं खनिज सेल बनवणाऱ्यांना जातं. त्या रिमोटचं बटण दाबून 2000 नंतरच्या दशकात महाराष्ट्रातल्या मुलांनी कार्टून नेटवर्कवर ‘ड्रॅगन बॉल झेड’ लावलं.

त्याच्याही आधी दूरदर्शन होतं. 1990 च्या दशकात रविवारी सकाळी लागणारं ‘जंगल बुक’ हे निप्पॉन ॲनिमेशनने 1989 साली काढलेलं, 52 भागांचं जपानी ॲनिमे होतं, हे तेव्हा फार थोड्यांना माहीत होतं. शेरखानाचा हिंदी आवाज नाना पाटेकरांचा. किपलिंगने ज्या सिवनीच्या डोंगरांत ही कथा घडवली, ते भंडाऱ्यापासून फार लांब नाहीत. ज्या नदीकाठी मोगलीचा कळप राहतो ती वैनगंगा, आणि तीच भंडारा शहराजवळून वाहते. मराठी घरांत शिरलेलं बहुधा पहिलंच ॲनिमे असं आपल्याच नदीकाठचं होतं. किपलिंगचा शेरखान कसा वागतो तेही आठवावं. लांडग्यांच्या कळपापुढे त्याचं चालत नाही, तेव्हा तो मागे सरतो आणि तरुण लांडग्यांना म्होरक्या अकेलाविरुद्ध फितवत राहतो. संकट कळपाच्या आतून उठलेलं दिसतं, पेटवणारा बाहेर झुडपात असतो.

जपानी भाषेत अशा माणसाला ‘कुरोमाकू’ म्हणतात. शब्दशः अर्थ काळा पडदा. हा शब्द काबुकीच्या रंगमंचावरून राजकारणात आणि रोजच्या बोलण्यात आला. मराठीतही नेमकी अशीच जोड आहे. आपण ‘पडद्यामागचा सूत्रधार’ म्हणतो, तोही नाटकातूनच आलेला. ‘बोलविता धनी’ हा शब्द मात्र अध्यात्मातून आला आणि गल्लीतल्या भांडणापर्यंत पोचला. तोंड एकाचं, शब्द दुसऱ्याचे, ही कल्पना मराठी माणसाला शिकवावी लागत नाही.

मराठी पडद्यावर तिचं सगळ्यांत लाडकं रूप म्हणजे तात्या विंचू. महेश कोठारे यांच्या 1993 सालच्या ‘झपाटलेला’त मरता मरता हा गुंड मंत्राने आपला जीव एका बाहुल्यात घालतो. बाहुला जातो लक्ष्याच्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या हाती, आणि लक्ष्या असतो शब्दभ्रमाचे खेळ करणारा. बाहुल्याच्या तोंडून बोलणारा माणूस हा त्या खेळाचा प्राण. इथे तेच उलटं होतं : बाहुला स्वतः बोलतो, स्वतः मारतो आणि संशय मात्र धरणाऱ्या हातावर येतो. रामदास पाध्ये यांनी घडवलेल्या त्या बाहुल्याने आणि दिलीप प्रभावळकरांच्या अभिनयाने एक पिढी घाबरली. वीस वर्षांनी, 2013 मध्ये, तात्या ‘झपाटलेला 2’मधून परतला. नवा नायक होता, पण थिएटरात लोक आले ते जुन्या वैऱ्यासाठी.

जपानच्या मातीतही मेलेल्या वैऱ्याची ही गोष्ट फार जुनी आहे. सुगावारा नो मिचिझाने हा हेइआन काळातला विद्वान आणि मोठा अधिकारी. दरबारातल्या प्रतिस्पर्ध्यांनी त्याला दाझाइफूला हद्दपार करवलं आणि 903 साली तो तिथेच मेला. पुढच्या वर्षांत राजधानीवर रोगराई आली, दरबारातली माणसं एकापाठोपाठ एक गेली आणि 930 साली राजवाड्याच्या दालनावर वीज पडून काही दरबारी ठार झाले. लोकांनी ठरवलं की यामागे मिचिझाने आहे. अन्यायाने मेलेल्याचा आत्मा सूड घेतो, हा समज तिथे आधीपासून होता. अशा आत्म्यांना शांत करण्यासाठी 863 मध्ये क्योतोत दरबाराने सोहळा केला होता, आणि 869 च्या साथीच्या वेळी सुरू झालेला गिओन उत्सव आजही दर जुलैत होतो. मिचिझानेचं देऊळ कितानोला 947 मध्ये उभं राहिलं. आज तो तेंजिन या नावाने विद्येचा देव आहे आणि परीक्षेआधी जपानी विद्यार्थी त्याच्यापुढे हात जोडतात.

नागपुरातही असंच काहीसं दिसतं. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते असं सांगतात. काळीला भोसले घराण्यातल्या बाकाबाईंचं रूप मानतात, कारण त्या इंग्रजांना मिळाल्या अशी कथा लोकांनी धरून ठेवली आहे. म्हणजे गोकुळातल्या पूतनेच्या अंगावर एकोणिसाव्या शतकातल्या नागपूरचा राग चढला. बरोबर बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे, निघतात. त्यांच्यावर त्या त्या वर्षाचं संकट लिहिलेलं असतं : महागाई, भ्रष्टाचार, दहशतवाद. नाव नवं, पण जळायचं जुन्याच मिरवणुकीत. आणि जिला जाळायचं, तिच्यापुढे मुलाबाळांच्या दुखण्यासाठी नवस बोलणाऱ्या बायाही त्याच गर्दीत असतात. क्योतोतला आत्मा देव झाला, नागपुरातली राक्षसीण अर्धी माय झाली. दोन्ही ठिकाणी समाजाने एक गोष्ट ओळखली होती : ज्याला आपण बाहेर घातलं, त्याच्याशी असलेला हिशेब पुरता मिटलेला नाही.

जपानी चित्रकथांमधला खलनायक का परत येतो, याचं बाजाराकडून मिळणारं उत्तर सरळ आहे. ‘वीकली शोनेन जम्प’सारख्या साप्ताहिकात कथा दर आठवड्याला वीसेक पानांनी पुढे सरकते. वाचक अंकातलं कार्ड भरून आवडलेल्या कथा कळवतात. तळाला गेलेली कथा बंद होते, वर असलेली संपवू देत नाहीत. या साप्ताहिकाचा खप 1990 च्या दशकाच्या मध्यावर 65 लाख 30 हजार प्रतींपर्यंत गेला होता. एवढ्या वाचकांना आवडलेला खलनायक मेला म्हणून सोडून देणं संपादकाला परवडत नाही.

अकिरा तोरियामा यांचा ‘ड्रॅगन बॉल’ (1984 ते 1995) हे याचं बोलकं उदाहरण. कथेच्या पूर्वार्धात लहानगा गोकू रेड रिबन आर्मी नावाची सेना एकट्याने मोडून काढतो. पुढे कथा ग्रहताऱ्यांवर जाते, शत्रू सम्राट होतात, आणि त्या सैनिकांची कोणाला आठवणही राहत नाही. गोकू बाप होतो. मग भविष्यातून एक तरुण येऊन सांगतो की दोन यंत्रमानव येणार आहेत आणि त्यांचा कर्ता आहे रेड रिबनचा शास्त्रज्ञ, डॉक्टर गेरो. सेना मोडली तेव्हा तो वाचला होता. गोकूच्या लढायांवर त्याने कीटकाएवढ्या यंत्राने पाळत ठेवली, योद्ध्यांच्या पेशी गोळा केल्या आणि डोंगरातल्या प्रयोगशाळेत तो काम करत राहिला.

या शत्रूंचे चेहरे कसे बदलत गेले तेही प्रसिद्ध आहे. तोरियामांनी आधी आणलेले 19 आणि 20 क्रमांकाचे यंत्रमानव, एक जाडा आणि एक म्हातारा, त्यांचे पूर्वीचे संपादक काझुहिको तोरिशिमा यांना पटले नाहीत. मग 17 आणि 18 आले. तीही तोरिशिमांना पोरंटोरं वाटली. मग सेल आला. म्हणजे दर काही आठवड्यांनी धोका बदलत होता. तरी वाचकाला ते ठिगळ वाटलं नाही, कारण प्रत्येक नव्या चेहऱ्याच्या मागे गेरो होता. त्याहून विलक्षण म्हणजे गेरोला त्याचाच 17 क्रमांक मारून टाकतो, आणि तरी प्रयोगशाळेच्या तळघरातला संगणक सेलला वाढवतच राहतो. कर्ता मेला, पण त्याचं काम जमिनीखाली चालू होतं.

चिखल्याच्या भूमिगत खाणीत खनिज काढून झालं की ती जागा तशीच सोडत नाहीत. पाण्यात कालवलेली वाळू पाइपाने खाली सोडतात. पाणी निथळतं, वाळू घट्ट बसते आणि त्या भरावावर उभं राहून कामगार वरचा थर काढतात. भराव नसेल तर छताला आधार राहत नाही, आणि पुढच्या कामाला पाय ठेवायला जागाही राहत नाही. या पानांतला मुख्य विचार मांडायला याहून नेमकं चित्र सापडत नाही. चांगल्या कथेतला परतणारा खलनायक आकाशातून पडत नाही. नायकाने विजयानंतर जी पोकळी भरायची ठेवली, तिथूनच तो वर येतो. म्हणून प्रत्येक उदाहरणात वाचकाने एकच प्रश्न विचारावा : जिंकणाऱ्याने मागे काय सोडलं?

कधी मागे राहतो तो देह. गेगे अकुतामी यांच्या ‘जुजुत्सु कायसेन’मध्ये (2018 ते 2024) सातोरू गोजो हा सर्वांत बलाढ्य मांत्रिक आपल्या एकेकाळच्या जिवलग मित्राला, सुगुरू गेतोला, स्वतः मारतो. पण त्या देहाची रीतसर विल्हेवाट लावायला त्याचं मन धजत नाही. तेवढ्या मायेची फट पुरते. शतकानुशतकं एका शरीरातून दुसऱ्यात जाणारा केंजाकू त्या देहात शिरतो आणि शिबुयात गोजोला सापळ्यात अडकवतो तेव्हा ही चूक त्याच्या तोंडावर बोलून दाखवतो. प्रेताचं नीट व्हावं, हा आपल्याकडच्या कोणत्याही गावात म्हातारी माणसं धरतात तोच आग्रह. तो पाळला नाही म्हणून इथे एक शहर उद्ध्वस्त होतं.

कधी राहतं ते हत्यार. हिरोहिको अराकी यांची ‘जोजो’ ही कथामाला 1987 मध्ये सुरू झाली. तिचा खलनायक दिओ पहिल्या पर्वात समुद्रात बुडतो, तिसऱ्या पर्वात आपण मारलेल्या नायकाच्या धडावर स्वतःचं डोकं बसवून परततो आणि कैरोत कायमचा मरतो. त्यानंतर तो एकदाही जिवंत होत नाही, आणि तरी पुढची तीन पर्वं त्याच्यावाचून उभी राहत नाहीत. चौथ्या पर्वातल्या शांत गावात अद्भुत शक्तीची माणसं निपजतात, ती एका बाणामुळे. तो बाण ज्या भावांच्या घरातून निघतो, त्यांचा बाप पूर्वी दिओची चाकरी करत होता. पाचव्या पर्वाचा नायक दिओचाच मुलगा. सहाव्यात दिओचा मित्र, पाद्री पुच्ची, दिओने वहीत लिहून ठेवलेली योजना पुरी करायला निघतो. वही तिसऱ्या पर्वाचा नायक जोतारो याने जाळली होती, पण वाचली होती त्याने स्वतःच, म्हणून पुच्ची ती त्याच्या स्मृतीतून काढून घेतो. खलनायकाने परत येण्यासाठी जिवंत असायलाच हवं असं नाही, हे अराकींनी जितक्या चिकाटीने दाखवलं तितकं क्वचितच कोणी दाखवलं असेल.

आणि कधी राहतं ते माणूस. कोहेइ होरिकोशी यांच्या ‘माय हिरो अकॅडेमिया’त (2014 ते 2024) ऑल माइट या महानायकाला वाटतं की ऑल फॉर वन हा त्याचा वैरी केव्हाच संपला. नवा धोका म्हणून शिगाराकी नावाचा विस्कटलेला तरुण पुढे येतो. मग कळतं की तो ऑल माइटच्या गुरूचा नातू आहे. लहानपणी घर उद्ध्वस्त झाल्यावर तो रस्त्यावर भटकत होता. येणारे-जाणारे बघून पुढे जात होते, कोणीतरी हिरो येईल असं म्हणत. हात दिला तो ऑल फॉर वनने. या प्रसंगाची पानं पुन्हा वाचली की शत्रूच्या कारस्थानापेक्षा त्या फुटपाथवरच्या माणसांचे चेहरे जास्त लक्षात राहतात.

नाओकी उरासावा यांची ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी बॉइज’ 1999 मध्ये सुरू झाली. टोकियोतल्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो पंथाने 20 मार्च 1995 रोजी विषारी वायू सोडला, त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. कथेत ‘मित्र’ नावाने ओळखला जाणारा, चेहरा झाकलेला पंथप्रमुख आहे. जगावर येणारी संकटं त्यानेच रचलेली, आणि त्यांतून वाचवणारा म्हणून पूजा घेणाराही तोच. ती संकटं मात्र त्याने स्वतः कल्पिलेली नाहीत. नायक केंजी आणि त्याच्या सवंगड्यांनी लहानपणी खेळता खेळता वहीत जी रंगवली होती, ती त्याने खरी केली. ‘मित्र’ मरतो आणि परत येतो. शेवटी माग जातो गल्लीतल्या एका दुकानापर्यंत. केंजीने तिथून लहानपणी एक बॅज उचलला होता आणि आळ दुसऱ्या मुलावर आला होता. इथे मागे राहिलेली गोष्ट म्हणजे न मागितलेली माफी.

ही युक्ती फसते तेव्हाही शिकवून जाते. मासाशी किशिमोतो यांच्या ‘नारुतो’त (1999 ते 2014, 72 खंड) मुखवट्यामागचा तोबी स्वतःला मादारा हा जुना योद्धा म्हणवतो आणि निघतो ओबितो, नायकाचा गुरू काकाशी याचा मेला असं समजलेला बालमित्र. हा उलगडा काळजाला भिडतो, कारण ओबितोचा मृत्यू वाचकाने काकाशीबरोबर सोसलेला असतो आणि त्याचा डोळा काकाशी पहिल्यापासून वागवत असतो. पुढे खरा मादारा येतो. मग त्याच्याही मागे कागुया ही प्राचीन राजकन्या निघते आणि तिच्यासाठी कृष्णवर्णी झेत्सूने हजार वर्षं सगळ्यांना नाचवलं असं सांगितलं जातं. इथे अनेक वाचकांचा हात सुटला. कागुयाशी त्यांचा काही हिशेबच नव्हता. पडद्यामागे पडदा आणि त्यामागे आणखी पडदा लावत गेलं की आधीच्या माणसांची पापंही त्यांची उरत नाहीत. ओबितोने जे केलं ते त्याच्या दुःखाने केलं, ही गोष्ट झेत्सूच्या कारस्थानाने हलकी झाली. हॉलिवूडमध्ये ‘स्टार वॉर्स’च्या 2019 सालच्या चित्रपटात सम्राट पाल्पटाइन असाच अचानक सगळ्याच्या मागे निघाला आणि प्रेक्षक असेच नाराज झाले. भराव आधी टाकावा लागतो. छत खाली आल्यावर टाकलेल्या वाळूचा उपयोग नसतो.

या विषयाची एक बाजू कथेच्या बाहेर येते आणि ती टाळून ही प्रस्तावना पुरी होणार नाही. प्रत्येक दुखण्यामागे कोणाचा तरी लपलेला हात आहे, ही कल्पना पुतळ्यापुरती असते तोवर ती गावाला एकत्र आणते. ती जिवंत माणसावर गेली की माणसं मरतात. विदर्भाच्या पूर्व भागात करणी आणि जादूटोण्याच्या संशयावरून शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारहाण केली, जीवही घेतले. साथ, आजारी लेकरू, मेलेला बैल, यांचा बोलविता धनी म्हणून बहुतेक वेळा एखादी एकटी बाई पुढे केली गेली. डॉ. नरेंद्र दाभोलकर अशा प्रथांविरुद्धच्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, मग डिसेंबरात तो कायदा झाला.

म्हणून उत्तम मांगाकार वाचकाला एक शिस्त लावतात, तिचं मोल कथेपलीकडेही आहे. लपलेला हात दाखवायचा तर त्याची खूण आधीच्या पानांवर असली पाहिजे. नसेल तर वाचकाला तो आरोप नाकारण्याचा हक्क आहे. पूतनेला गावाने शिवेबाहेर नेलं तेव्हा तिच्याबरोबर शेजारणीला नेलं नाही, हे भान ज्या गावांनी ठेवलं ती गावं या शिस्तीच्या जवळ आहेत.

पुढच्या पानांची मांडणी त्यामुळे नायकांच्या किंवा सालांच्या क्रमाने केलेली नाही. देह, हत्यार, माणूस आणि माफी, या मागे उरलेल्या गोष्टींच्या क्रमाने ती आहे. रुमिको ताकाहाशी यांच्या ‘इनुयाशा’तला नाराकू, जो पन्नास वर्षांपूर्वी दोन प्रेमिकांना एकमेकांचे वैरी करून गेला आणि नंतर स्वतःच्या देहातून नवनवे शत्रू घडवत राहिला, तो या क्रमात एकाहून जास्त ठिकाणी बसतो. रेड रिबन आर्मीही तशीच. 2022 सालच्या ‘ड्रॅगन बॉल सुपर : सुपर हिरो’त ती पुन्हा उभी राहिली. यावेळी तिच्या मागे होता जुन्या सेनापतीचा मुलगा आणि डॉक्टर गेरोचा नातू. ती कथा तोरियामांनी स्वतः लिहिली होती. 1 मार्च 2024 रोजी ते गेले.

ज्या वाचकाला यातलं एकच पुस्तक आधी उघडायचं असेल, त्याने ‘जुजुत्सु कायसेन’ घ्यावं. त्याआधीची छोटी कथा, शून्य क्रमांकाचा खंड, वाचून गेतोचा चेहरा नीट बघून ठेवावा. मग मुख्य कथेत तो पहिल्यांदा येतो ते पान काढावं. तिथे तो शांतपणे बसून बोलत असतो आणि काय बोलतो तिकडेच लक्ष जातं. ते संवाद क्षणभर झाकून ठेवावेत आणि फक्त त्याच्या कपाळाकडे पाहावं. आधीच्या खंडात तिथे टाके नव्हते.